एका हाताने उघडणारा चाकू घेताना

व्यापारी बंधूंनो, या पानावर आपण सुताचे भाव, जीएसटी आणि उधारीची वसुली यांवर वाचत असता. आज आम्ही एका अगदी लहान वस्तूवर लिहीत आहोत. ती प्रत्येक कापड-गोदामात आहे. तिचा खर्च वहीत "किरकोळ" या खात्यात जातो आणि ती विकत घेताना कोणी दोन मिनिटेही विचार करीत नाही. ती वस्तू म्हणजे खिशातला घडीचा चाकू.

आम्हीही विचार करीत नव्हतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गोदामात एक मुलगा शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरचे बंडल सोडत होता. डाव्या हाताने त्याने ताग्यांचा गठ्ठा छातीशी धरला होता आणि उजव्या हातात चाकू होता. सुतळीची गाठ फार घट्ट होती. ती उकलेना म्हणून त्याने चाकूचे टोक गाठीत खुपसले आणि जोर दिला. चाकूला लॉक नव्हते. पाते उलटे फिरून मुठीवरच्या बोटांवर मिटले. मधले आणि करंगळीशेजारचे बोट कापले गेले आणि बोट वळवणारी जी दोरी आत असते, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, ती मधल्या बोटाची पूर्ण तुटली. ऑपरेशन झाले, जखम भरली. पण ते बोट आजही पुरते वळत नाही.

चाकू त्या मुलाचा नव्हता. आम्हीच तो डझनाच्या भावाने आणला होता. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "चाकूला लॉक होते का?" तेव्हा लॉक म्हणजे काय हेच आम्हाला ठाऊक नव्हते. कापडाचा काउंट आणि पोत बोटांनी ओळखणारे आम्ही, आमच्या माणसांच्या हातात काय दिले आहे ते ओळखत नव्हतो. त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती मिळवली, निरनिराळे चाकू वापरून पाहिले. त्यातून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

एका हाताने उघडण्याची गरज काय?

कापडाच्या कामात एक हात नेहमी गुंतलेला असतो. तागा धरलेला असतो, शिडी धरलेली असते किंवा पार्सलचे तोंड दाबून ठेवलेले असते. नखाने उघडायच्या जुन्या चाकूला दोन हात लागतात. मग माणूस काय करतो? दातांनी पाते ओढतो, नाहीतर सकाळी एकदा चाकू उघडतो आणि दिवसभर उघडाच फळीवर किंवा ताग्यांच्या ढिगावर टाकतो. दोन्ही सवयी वाईट आहेत. उघडा चाकू ढिगाऱ्यात दिसत नाही. तो हाताला लागतो किंवा मालाला लागतो.

म्हणून एका हाताने उघडणारा आणि एका हाताने मिटणारा चाकू ही चैन नाही. काम झाले की लगेच मिटवता येतो, हाच त्याचा खरा फायदा आहे. मात्र बाजारात दुकानदार चाकू झटक्यात उघडून दाखवतो आणि गिऱ्हाईक त्यावरच खूश होते. आमचे म्हणणे असे की चाकू कसा उघडतो हे शेवटी पाहावे. आधी पाहावे की उघडल्यावर तो उघडाच राहतो का, आणि मिटवताना बोट कोठे येते. जखमा बहुतेक याच दोन ठिकाणी होतात.

लॉकचे प्रकार

ज्या घडीच्या चाकूचे पाते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते, त्याला लॉक नाही असे समजावे. कापताना जोर धारेवर येतो तोपर्यंत तो ठीक चालतो. पण टोक खुपसले, किंवा पाते अडकले म्हणून मागे ओढताना पाठीवर दाब आला, की तो मिटतो. पेन्सिल तासायला, फळ कापायला तो चांगला. गोदामासाठी नाही.

लॉकवाल्या चाकूंत चार प्रकार आपल्याला भेटतात.

१) पाठीचे लॉक (बॅक लॉक). मुठीच्या पाठीत एक लांब पट्टी असते. पाते पूर्ण उघडले की पट्टीचा दात पात्याच्या मुळाशी असलेल्या खाचेत बसतो. मिटवताना पाठीवर अंगठ्याने दाब द्यायचा. अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ मध्ये ११० नंबरचा चाकू आणला, त्याने हा प्रकार जगभर पोहोचवला. हे लॉक मजबूत असते आणि उजव्या-डाव्या दोन्ही हातांना सारखेच. पण कापडवाल्यांसाठी त्यात एक खोट आहे. ती खाच वरून उघडी असते. गोदामातले तंतू आणि रुईची धूळ तिच्यात साचते. मग दात पुरता खाली बसत नाही. माणसाला वाटते लॉक लागले, प्रत्यक्षात ते अर्धेच लागलेले असते.

२) आतल्या पट्टीचे लॉक (लायनर लॉक). मुठीच्या आत जो पत्रा असतो, त्याचा एक भाग कापून किंचित आत वाकवलेला असतो. पाते उघडले की तो सरकून पात्याच्या मुळामागे उभा राहतो. याचे आजचे रूप मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवले. मुठीची एक बाजूच पट्टीचे काम करत असेल तर त्याला फ्रेम लॉक म्हणतात. याचा मोठा गुण असा की लॉक कोठवर बसले ते डोळ्यांनी दिसते आणि मूठ मागून उघडी असेल तर कचरा फुंकून निघतो. दोष असा की मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. शिवाय बहुतेक चाकू उजव्या हाताचा विचार करून केलेले असतात. डावखुऱ्या माणसाने आधी हातात घेऊन पाहावे.

३) आडव्या दांडीचे लॉक. मुठीच्या दोन्ही बाजूंना एका लहान दांडीची टोके बाहेर दिसतात. दांडी मागे ओढली की पाते सुटते. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस या नावाने हे आणले. आता इतर कंपन्याही त्या धर्तीवर चाकू बनवतात. यात मिटवताना एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही आणि ते दोन्ही हातांना चालते. दांडीला मागून दाबणाऱ्या तारेच्या बारीक स्प्रिंगा असतात. त्या कधी तुटतात. दोन असल्यामुळे एक तुटली तरी लॉक चालते, पण ढिले लागले की चाकू कामातून काढावा.

४) कड्याचे लॉक. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचे लाकडी मुठीचे चाकू १८९० पासून निघतात. त्यांना १९५५ मध्ये पात्याच्या मुळाशी फिरणारे कडे बसवले. कडे फिरवले की पाते अडते. साधी आणि भरवशाची युक्ती आहे. परंतु हा चाकू उघडायला दोन हात लागतात आणि पावसाळ्यात लाकूड फुगले की पाते मुठीत अडकून बसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर चार महिने हाच त्रास.

स्विस चाकूंबद्दल अनेकजण विचारतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या खिशातल्या लहान नमुन्यांना लॉक नसते. १११ मिलिमीटर मुठीच्या नमुन्यांना असते आणि त्यातल्या काहींच्या पात्याला एका हाताने उघडण्यासाठी भोक असते. घेताना नाव पाहून घेऊ नये, नमुना पाहून घ्यावा.

उघडण्याची सोय

अंगठ्याने उघडण्याच्या दोन रीती सरळ आहेत. एक, पात्यावर बसवलेली गुंडी. दुसरी, पात्यातच पाडलेले गोल भोक, जे अमेरिकेच्या स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये प्रथम आणले. हातमोजे घालून काम करणाऱ्याला भोक अधिक सोयीचे पडते. गुंडी स्वस्त चाकवांतही मिळते, पण ती ढिली होऊन गळून मालात पडणार नाही ना, हे पाहावे. तिसरी रीत म्हणजे पात्याची छोटी शेपटी मुठीच्या पाठीमागे बाहेर आलेली असते, ती तर्जनीने दाबली की पाते झटक्यात उघडते. गोदामात गर्दी असते, माणसे एकमेकांच्या कोपराशी उभी असतात. तेथे झटक्याने उघडणारे काही नको. सावकाश उघडणारा चाकू चांगला.

बटन दाबताच स्प्रिंगने उघडणारा चाकू आम्ही सरळ वर्ज्य सांगतो. रामपूरच्या कारागिरांचे हात नामी आहेत, यात शंका नाही. पण हिंदी चित्रपटांनी रामपुरीची जी ओळख करून दिली ती मालकाच्या कामाची नाही. बटन खिशात दाबले जाते, स्प्रिंग थकते, आणि कायद्याची अडचण वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

पाते आणि टोक

किती लांब? आमच्या अनुभवाने अडीच ते तीन इंच पुरे. सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी, बारदानाची शिवण, पार्सलवरचा पॉलिथिन, यांतले काहीही कापायला याहून लांब पाते लागत नाही. लांब पाते आत शिरते आणि बारदानाच्या खालचा पहिला तागाही कापते.

टोकाबद्दल तर आम्ही आग्रहाने सांगतो. कापडाच्या गोदामात अणकुचीदार टोक नको. ज्या पात्याची धार सरळ असते आणि पाठ पुढे येऊन वळणाने खाली उतरते, ज्याला इंग्रजीत शीपफूट म्हणजे मेंढीच्या खुरासारखे म्हणतात, ते घ्यावे. त्याने सुतळी उत्तम कापते आणि खालच्या थानाला भोक पडत नाही. एका भोकामुळे सबंध थान सेकंडच्या भावात जाते, हे आपल्याला सांगायला नको. आणखी एक गोष्ट. त्या मुलाच्या चाकूला बोथट टोक असते तर त्याने ते गाठीत खुपसलेच नसते.

दातेरी धार की साधी? दातेरी धार जाड दोर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या झरझर कापते. पण कापडाला लागली तर धागा ओढते, आणि घरच्या दगडावर तिला धार लावता येत नाही. साधी धार घ्यावी.

पोलाद कोणते? ज्यात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असते ते स्टेनलेस. पण स्टेनलेस म्हणजे कधीच गंजत नाही असे नव्हे, उशिरा गंजते इतकेच. पेटीवर ४२० लिहिले असेल तर पोलाद मऊ, धार लवकर जाते, पण लवकर लागतेही आणि गंज कमी. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद आणि १२सी२७ हे स्वीडिश पोलाद मध्यम किमतीत चांगले चालते. डी२ या पोलादाची धार फार टिकते, पण त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम बाराच्या आसपास असूनही ते दमट हवेत डाग धरते. ओल्या हाताने वापरून तसेच ठेवले तर गंजाचा डाग दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडावर उठतो. गोदामाला महाग पोलाद लागत नाही. मध्यम पोलाद आणि नियमित धार, हे महाग पोलाद आणि आळस यांपेक्षा बरे.

विकत घेताना सहा परीक्षा

पेटीवरचे नाव नव्हे, हातातली वस्तू तपासावी. आम्ही दुकानात पुढीलप्रमाणे पाहतो.

पहिली, पाते पूर्ण उघडावे आणि लॉक बसल्याचा आवाज ऐकावा. दहा वेळा उघडावे. एकदा जरी लॉक अर्धवट बसले तरी तो चाकू परत करावा.

दुसरी, उघडे पाते चिमटीत धरून वर-खाली आणि उजवीकडे-डावीकडे हलवून पाहावे. कडेने किंचित हलले तर स्क्रू आवळून सुधारते. वर-खाली हलले तर लॉकच नीट बसत नाही. तो घेऊ नये.

तिसरी, बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, मूठ कडेने धरून, पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या काठावर हळूहळू दाबावी. आपटू नये. दाबाने लॉक सुटले तर तो चाकू फुकटसुद्धा नको.

चौथी, लायनर लॉक असेल तर मागून पाहावे. पट्टी पात्याच्या मुळामागे पुरती आलेली असावी, पण सरकत सरकत पलीकडच्या बाजूला टेकलेली नसावी. नव्या चाकूत ती पलीकडे टेकली असेल तर झिजायला जागाच उरत नाही.

पाचवी, मिटलेला चाकू टोकाची बाजू खाली करून हलवावा. पाते आपोआप बाहेर डोकावता कामा नये. खिशात उघडणारा चाकू मांडी कापतो.

सहावी, एका हाताने मिटवून पाहावा, अगदी सावकाश. अंगठा काढून घेण्याआधी पाते बोटावर येते का? काही चाकवांत पात्याच्या मुळाशी धार नसलेला भाग असतो. पाते सुटले की आधी तो बोटाला टेकतो आणि माणूस सावध होतो. असा चाकू निवडावा. आणि जो चाकू वापरणार आहे त्यालाच ही परीक्षा करायला लावावी. सेठच्या हाताचे माप हमालाच्या हाताला लागू नसते.

निगा

आठवड्यातून एकदा, जुम्याच्या सुट्टीआधी, आमच्याकडे सर्व चाकू उघडून साफ होतात. दातकोरणीने खाचेतले तंतू काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि खिळीपाशी तेलाचा एकच थेंब द्यायचा. त्यानंतर पुन्हा पुसायचे. तेल जास्त झाले तर ते धूळ धरते आणि मालावर डागही पाडते.

धार लावण्यासाठी साधा दगड पुरे. प्रत्येक बाजूने साधारण वीस अंशांचा कोन ठेवून, सारख्या घासण्या द्याव्यात. रस्त्यावरच्या वेगवान चाकावर ठिणग्या उडवून धार लावून घेऊ नये. धार तापून निळी पडली की तेथले पोलाद मऊ होते आणि दोन दिवसांत धार जाते. बोथट चाकू सुरक्षित असतो हा गैरसमज आहे. बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की हात निसटतो.

चाकूची काही कामे नव्हेतच. दाबाच्या गाठींवरची लोखंडी पट्टी पत्रा कापायच्या कात्रीनेच कापावी आणि तोंड बाजूला ठेवावे, कारण ती तुटताच उसळते. चाकूने पेच फिरवू नये, खोके उचकटू नये. तसेच, पाते तोडत जाण्याचे स्वस्त कटर आम्ही गोदामातून काढून टाकले. त्यांचा तुटलेला तुकडा थानाच्या घडीत जातो. परदेशी खरेदीदार सुईच्या तुटलेल्या टोकाचा हिशेब मागतात. मग पात्याच्या तुकड्याचे काय उत्तर देणार?

कायद्याची बाजू

हा भाग वकिलाचा सल्ला नव्हे, पण व्यापाऱ्याला इतके माहीत असावे.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम पाहता, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, शास्त्रीय काम आणि उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. आपला तीन इंची चाकू या मापाच्या खूप आत आहे. पण गोष्ट येथे संपत नाही.

दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटनाचे, गरारीचे, स्प्रिंगचे आणि इतर यांत्रिक युक्तीने उघडणारे-मिटणारे चाकू, पाते ७.६२ सेंटीमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा अधिक रुंद असल्यास, बंदीखाली आणले. ७.६२ सेंटीमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. चांदणी चौकात माल बघायला जाणाऱ्या आपल्या बंधूंनी चाकू घरी ठेवूनच गाडीत बसावे.

महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात त्याखाली मनाई हुकूम निघतो. त्या हुकमात चाकू आणि लाठ्यासुद्धा बरोबर बाळगायला मनाई करता येते. तेथे इंच मोजले जात नाहीत. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा डिलिव्हरीचा मुलगा अशाच दिवसांत नाकाबंदीत सापडला. पार्सल पोहोचवून परतत होता, चाकू खिशात तसाच राहिला होता. रात्रभर तो चौकीत बसला. त्याची अम्मी बाहेर पायरीवर बसून होती. पोलिसांची चूक झाली असे आम्ही म्हणत नाही. हुकूम होता आणि चाकू खिशात होता. चूक त्या मालकाची, ज्याने चाकू गोदामाबाहेर जाऊ दिला. आपल्या मुलांच्या बाबतीत तर आपल्याला दुप्पट एहतियात घ्यायला हवी, हे या पानाच्या वाचकांना फोड करून सांगावे लागणार नाही.

विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, तो मोठ्या बॅगेत टाकून द्यावा लागतो. आणि तेथे उतरल्यावर त्या देशाचा कायदा लागतो. फ्रँकफर्टला हाइमटेक्सटिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला सोलापूरच्या टॉवेल-चादरीचे व्यापारी जातात. जर्मनीत १ एप्रिल २००८ पासून एका हाताने उघडणारा लॉकवाला चाकू सबळ कारणाशिवाय बरोबर बाळगायला मनाई आहे. नमुन्यांची पेटी उघडायला कात्री न्यावी. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो. लॉकवाल्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे जे लॉक गोदामात बोट वाचवते, तेच रस्त्यावर प्रश्न उभा करते. म्हणून नियम एकच धरावा, चाकू कामाच्या जागी, माणसाच्या खिशात नव्हे.

मालकाचा हिशेब

आमच्याकडे आता प्रत्येक चाकवावर नंबर कोरला आहे. सकाळी वहीत नाव लिहून चाकू दिला जातो, संध्याकाळी परत घेऊन खिळ्याला टांगला जातो. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत कात्र्यांना नंबर टाकून त्या टेबलाला बांधतात, तीच ही पद्धत. सुरुवातीला लोक हसले. पण एखादा चाकू कमी भरला तर तो कोणत्या थानात राहिला हे पार्सल शिवण्याआधीच कळते.

नव्या माणसाला तीन गोष्टी शिकवतो. धार नेहमी अंगापासून दूर. शिडीवर चाकू उघडायचा नाही, बंडल खाली आणून कापायचे. दुसऱ्याला चाकू द्यायचा तर मिटवून द्यायचा. ही तिसरी गोष्ट आमची नाही. जो मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाईल त्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देण्यासही हजरत मुहम्मद (स.) यांनी मना केले आहे. यात बाजाराचा उल्लेख आहे, याकडे आम्ही व्यापाऱ्यांनी लक्ष दिले पाहिजे. बाजारात धारदार वस्तू घेऊन वावरण्याचा अदब चौदाशे वर्षांपूर्वी सांगितला गेला आणि आमच्या गोदामात तो एका बोटाच्या किमतीवर शिकावा लागला.

इजा झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात वर ठेवावा आणि सरळ इस्पितळात न्यावे. हळद, तंबाखू, चुना भरू नये. जखम लहान दिसली पण बोट वळत नसेल तर टेंडन तुटला आहे असे समजावे. तो आपोआप जुळत नाही, वेळेत ऑपरेशन लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. आणि खर्च मालकाने करावा, तो कामगाराच्या उचलीत मांडू नये. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची ताकद १४ टक्के घटली, मधले बोट गेले तर १२ टक्के, असा हिशेब मांडलेला होता. कायद्याला कोठेतरी आकडा धरावाच लागतो. पण ज्याचे सगळे कामच बोटांनी गाठ सोडण्याचे आहे, त्याचा हिशेब या आकड्यात बसत नाही. आपल्या हाताखालचा माणूस ही अमानत आहे.

शेवटी

थोडक्यात सांगायचे तर गोदामासाठी तीन इंचांच्या आतले पाते, बोथट टोक, साधी धार, मध्यम स्टेनलेस पोलाद, गुंडी किंवा भोक, आणि तपासून घेतलेले लॉक. परवडत असेल तर आडव्या दांडीचे लॉक घ्यावे, कारण मिटवताना बोट वाटेत येत नाही. नसेल परवडत तर लायनर लॉक घ्यावे, लॉक डोळ्यांना दिसते म्हणून, आणि मिटवणे नीट शिकवावे. डावखुऱ्याला पाठीचे लॉक द्यावे आणि त्याची खाच रोज साफ करवावी. स्प्रिंग आणि बटन नको. डझनाचा भावही नको. एका चांगल्या चाकूची किंमत एका ग्रे थानाच्या नफ्यातोट्यात बसते. एका बोटाची बसत नाही.

तो मुलगा अल्हम्दुलिल्लाह आजही आमच्याकडे आहे. बंडल सोडण्याचे काम त्याला जमत नाही, म्हणून चाकवांची वही आम्ही त्याच्याकडे दिली. सकाळी नव्या माणसाला चाकू देण्याआधी तो म्हणतो, "भाई, आधी मिटवून दाखव." नीट मिटवता आला तरच वहीत नाव लिहितो. आम्ही गल्ल्यावर बसून ते ऐकतो. दुकानात चाकू घेताना हे वाक्य आम्हाला सुचायला हवे होते.